फटफटी आणि नानाचे सहा महिने

६ मे
टेम्पोतून आधी आबांची फटफटी उतरवली, मग माय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मायला धुळ्याला मोठ्या भावाकडे, नानाकडे, सोडून आलो होतो. दिवाळीपर्यंतचे सहा महिने त्याचे, बाकीचे माझे, आबा गेल्यापासून असंच. आठवडाही झाला नाही तोच त्याचा फोन. आबांची फटफटी मागत होतास ना, आणून देतो, पण माझे सहा महिने तूच काढ. मी लगेच हो म्हणालो. विचार केलाच नाही, खोटं कशाला लिहू.
बायको, सुमन, म्हणाली, भंगार घेतलं नि भारही घेतला. मोठ्याने म्हणाली. माय दारात चपला काढत होती.

७ मे
किक हलत नाही. हेड उघडलं. पिस्टन गंजून आत चिकटलाय. नानाने गाडी बकऱ्यांच्या शेडमागे टाकलेली, प्लगही काढलेला. पावसाळ्यामागून पावसाळा पाणी आत. मुद्दाम. याच गाडीवर आबा मला टाकीवर बसवून पारोळ्याच्या बाजाराला न्यायचे. नानाला कधी नेलं नाही. त्याचा राग त्याने गाडीवर काढला, डुक्कर साला.
गंज सुटायला डिझेल ओतून ठेवलंय. बघू.

९ मे
लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारली. सूतभरही सरकला नाही. मागच्या पडवीत उभं राहवत नाही, ऊन नुसतं भाजून काढतंय. मायच्या खोलीतला कूलर बाहेर ओढला. मायने खाट दाराशी सरकवून घेतली, जाता जाता थोडी हवा तिलाही लागावी म्हणून. कूलर ओढला म्हणून सुमनने टोकलं नाही. एरवी मिठावरून बोलते.

१२ मे
इंजिन उतरवून गच्चीवर नेलं. जळगावचं ऊन फुकट आहे, तापू दे लोखंड. तिथे मायचे ज्वारीचे पापड, बिबडे, वाळत होते. सरकवताना अर्धे मोडले. तिला म्हटलं, कावळे हाकायला बसतेसच, तर अधूनमधून वरून डिझेल घालत जा. बरं म्हणाली.

१३ मे
ऑफिसातून लवकर आलो, इंजिनसाठीच. माय गच्चीच्या जिन्यात बसलेली, डोळे लाल, अंगाला हात लाववेना. ऊन लागलं. सुमन पहूरला माहेरी. तळपायाला कांदा चोळला, पन्हं पाजलं, मग दवाखान्यात नेलं. सलाईन चालू आणि माझं लक्ष गच्चीवर. लोखंड आत्ता तापलंय, आत्ताच घाव घालायला हवेत. हे कुणी वाचलं तर तोंडात शेण घालतील.
घरी आणून निजवलं आणि वर पळालो. ठोकळा, हातोडी. नखभर सरकला. मग बोटभर. मी ओरडलोच. खालून मायने विचारलं काय झालं. म्हटलं, सुटला. "बरं व्हयनं," म्हणाली.
कूलर तिच्या खोलीत परत लावला. काम झालं होतं.

२२ मे
सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन बसवला. हौसेने नानाला फोन करून सांगितलं, मूर्ख मी. तो लगेच पलटला. म्हणे, मी भंगार दिलं होतं, चालू गाडी नाही.
"गाडी परत दे. मायला घेऊन जातो."
सुमन कानाशीच उभी. हळूच म्हणाली, देऊन टाका, दोन्ही ब्यादी टळतील. गाडी देणार नाही असं तिच्यासमोर म्हणायची लाज वाटली. म्हणून फोनवर म्हणालो,
"माय कुठे जाणार नाही. ती इथेच राहील."
जोरात म्हणालो. मायच्या खोलीचं दार उघडं होतं.

२३ मे
सकाळपासून मायचं मांड्यांचं चाललंय. खापरावरचे, आमरसासोबत. मनगट सुजलंय तरी ऐकेना. शेजारच्या अक्काला सांगत होती, "मन्हा धाकलानी माले जाऊ नई दिनं." थोड्या वेळाने परत तेच सांगितलं. डोळ्याला पदर.
आधी मला वाढलं. खरं सांगावं असं एकदा वाटलं. पण मांडे फार सुरेख झाले होते, गच्च जेवलो. सुमन माझ्याकडे बघत होती. ती बरोबर ओळखून आहे.

३१ मे
सुरू झाली. गल्लीभर धूर. मेहरूण तलावापर्यंत जाऊन आलो. आबांच्या शर्टाला यायचा तोच वास. हेल्मेटात थोडा रडलो.
परतलो तर माय ओट्यावर. मी गेलो तेवढ्यात नानाने तिला फोन केला होता. सगळं ओकला. गाडी सोडवत नाही म्हणून तुला ठेवलंय, म्हणाला. मायने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिल्या नाहीत. खाली उतरली, सीटवरची धूळ पदराने पुसली आणि विचारलं,
"आनि हाई बंद पडनी तं?"
मी चावी काढून आत गेलो. जेवणावर वासना नव्हती.

१ जून
पहाटे पडवीत खुडबुड. मायने स्वतःची गोधडी गाडीवर घातलीय. आभाळ आलं होतं म्हणे. सुमनने गोधडी उचलून धुवायला टाकली, तेलाचे डाग पडले म्हणून चिडचिड केली.  

३ जून
ऑफिसला गाडी काढली. पहिल्या किकला सुरू झाली नाही. दुसरीलाही नाही. आतून मायच्या बांगड्या वाजल्या, दारात येऊन उभी राहिली. हाताला पोळीचं पीठ. तिच्याकडे न बघता मी तिसरी मारली.