मोगूचा चेहरा

४ नोव्हेंबर २०२४

आईने आज चहा देता देता सांगितलं — प्रफुल्लला जाऊन या चोवीस तारखेला वीस वर्षं होतील, यंदा पुण्यानुमोदन नीट करू, भंतेजींना घरी बोलावू. आणि टेबलावर ठेवायला त्याचा फोटो हवा. फोटो आहेत कुठे? डोंबिवलीच्या चाळीत आम्ही तळमजल्यावर. तो गेला, आणि पुढच्याच पावसाळ्यात, २००५च्या पुरात, सगळे अल्बम लगदा होऊन हातात आले. मग आम्ही कोपरीला आलो.

"तूच काढ ना," आई म्हणाली. "तुला तर त्याचा चेहरा पाठ आहे."

पाठ आहेच. नऊ वर्षं तोच तर काढतेय. माझ्या मुलांच्या चित्रपुस्तकांतला मोगू, त्याची सात पुस्तकं झाली. मोगू म्हणजे माझा धाकटा भाऊ, हे आईशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही.

६ नोव्हेंबर

चित्र आईला दाखवलं. चष्मा लावून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं.

"छान आहे गं पायल. पण हा तुझ्या पुस्तकातला आहे. आपला नाही."

राग आला. नंतर दिवसभर त्याच वाक्याने पिच्छा पुरवला.

७ नोव्हेंबर

चूक माझीच. मालिकेचं पात्र करायचं म्हणजे चेहरा सोपा करावा लागतो — हसताना, पळताना, पाठमोरा, प्रत्येक पानावर तोच वाटायला हवा. पहिल्या पुस्तकाच्या वेळी आमच्या संपादक समीक्षा मॅडमनी नौपाड्याच्या ऑफिसात बसवून एकेक गोष्ट काढून टाकायला लावलेली. "सुरकुती नको, ओठ नको, डोळे ठिपक्यांचे कर. कान मात्र ठेव, गोड आहेत." मी मुकाट्याने केलं. तो सोपा चेहरा आजवर हजारदा तरी काढला असेल. आता त्याच्याखालचा खरा सापडत नाही. तापाने गेला तो गेला, उरलेला मी खोडला.

९ नोव्हेंबर

मोगूला बाजूला ठेवला. साधी पेन्सिल घेतली. डोळे मिटून आठवायचं, मग काढायचं. दारात उभा, हातात बॅट, एक कान बाहेर आलेला, कपाळावर केसांचा भोवरा — "ताई, पाणी दे ना." अकरा चित्रं काढली. अकराही वेळा मोगूच! आई शेजारी डाळ निवडत बसलेली. प्रत्येक कागदाला नुसती मान हलवायची.

११ नोव्हेंबर

समीक्षा मॅडमचा फोन — आठव्या पुस्तकाची पानं कधी देतेस? देते म्हटलं. पण टेबलाशी बसवत नाही. कागद कोरा असला तरी तो त्यातून बघतोय असं वाटतं. मला भीती वाटते. माझ्याच भावाची.

१२ नोव्हेंबर

काही काढलं नाही.

१४ नोव्हेंबर

भाजी चिरताना साकेत आठवला. प्रफुल्लच्याच वर्गातला, आमच्याच चाळीत, पण वरच्या मजल्यावर. वर पाणी चढलं नव्हतं! रोज संध्याकाळी आमच्याकडे पडीक असायचा, आई दोघांना एकाच ताटात वाढायची. चाळ सुटल्यापासून भेट नाही. तीन जणांकडे चौकशी करून नंबर मिळवला. आता कल्याणला असतो. आवाज एकदम बाप्यासारखा.

"वर्गाचा फोटो असणार ताई, मम्मीच्या ट्रंकेत. रविवारी बघून लगेच टाकतो."

१७ नोव्हेंबर

आला फोटो. इयत्ता चौथी ब, मधे बाई खुर्चीत, पुढे पाटी. चेहरे वाटाण्याएवढे. मोठा केला आणि लगेच सापडला — दुसरी रांग, डावीकडून तिसरा. तोच कान, तोच भोवरा. म्हणजे मी काहीच हरवलं नव्हतं. आईच विसरली. वीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली?

ओट्याला टेकून पोटभर रडले. कित्येक दिवसांनी हलकं वाटतंय. आई विहारात गेलीय. उद्या मोठी प्रिंट काढून आणते आणि तिच्या हातात देते.

१८ नोव्हेंबर

आईचं बोट सरळ खालच्या रांगेत गेलं, मांडी घालून बसलेल्या एका बारक्या मुलावर. म्हटलं, आई, तो नाही, हा बघ. साकेतला फोन लावला, स्पीकरवर.

"दुसऱ्या रांगेतला? तो मी ना ताई. प्रफुल्ल खाली बसलाय, माझ्या पुढ्यात."

आईने बोट अजून उचललेलं नव्हतं. "आता बघून काढ," म्हणाली.

तासभर बघतेय. चपटं नाक, बारीक डोळे, कान डोक्याला चिकटलेले. या मुलाला मी कधी पाहिलंय असं वाटत नाही.