कोरड्या टाकीतली बुडी

मंगळवार, दिनांक ११, दुपार
बंदराजवळचं हॉस्पिटल, तळमजला

चि. जावईबापूंना,
सासूबाईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्याच ओळीत लिहायचं असतं, पण पेन काही पुढे सरकेना. तेव्हा ती ओळ राहू दे. तुमची तब्येत कशी आहे? पुलाचं काम कुठवर आलं? साइटवर जेवणाचे हालच होत असतील.

तुम्ही घर सोडून तिकडे राहायला गेल्यापासून आमचे फोन उचलत नाही. ऑफिसात फोन केला, तर साहेब पुलावर आहेत, निरोप देतो म्हणाले. असला निरोप तिसऱ्याच्या तोंडून कसा पाठवायचा? तुमच्याकडे सिमेंट घेऊन येणारा ट्रक इथल्या गोदीतूनच सुटतो, हे मला चहाच्या टपरीवर कळलं. म्हणून हा कागद ट्रकवाल्याच्या हाती देते आहे.

घाबरू नका. असं लिहिलं की माणूस आधी घाबरतो, हे मला कळतं, पण दुसरं काय लिहू? रविवारी तुमच्या बायकोचा खांदा दुखायला लागला.

झालं असं, की ती शिकाऊ लोकांना घेऊन समुद्रात खाली गेली होती. त्यात एक बँकेतले गृहस्थ होते. खाली त्यांच्या चष्म्यात पाणी शिरलं, ते बावरले आणि अंगातल्या हवेच्या जाकिटाचं बटण दाबून बसले. जाकीट फुगलं आणि गृहस्थ बुचासारखे वर सुटले. आमच्या लेकीने त्यांचा पाय धरला, तो सोडलाच नाही, त्यामुळे तीही त्यांच्याबरोबर तशीच वर आली. तिथून सावकाश, थांबत थांबत वर यायचं असतं म्हणे. त्या गृहस्थांना काही म्हणजे काही झालं नाही. जेवले, वर ढेकर दिली. मी त्यांच्यावर चिडू की ते वाचले म्हणून बरं वाटून घेऊ, अजून ठरत नाही.

मी किनाऱ्यावर टॉवेल घेऊन बसले होते. ही आली आणि म्हणाली, "आई, खांदा आखडलाय गं." मी बाम चोळला. हवेचे बुडबुडे अंगात अडकलेत आणि मी वरून बाम चोळते आहे! पण तिलाही कळू नये? रोज इतरांना हेच शिकवते ना ती? नंतर दवाखान्यात भेटलेली डॉक्टरीण म्हणाली, पाणबुड्यांची खोडच असते ही, दुसऱ्याचं दुखलं की ऑक्सिजन लावायचा आणि स्वतःचं दुखलं की आखडलंय म्हणायचं.

मग बोटीच्या पायऱ्यांवर ती बसली ती उठेना. म्हणाली, मुंग्या येताहेत. कुठे, ते तेव्हा मी विचारलं नाही.

बोटवाल्या कप्तानाने ऑक्सिजनची पेटी उघडून तिच्या तोंडावर मास्क लावला, हे बरं केलं. पण ही मास्क बाजूला करून त्याला म्हणते, "मला दुसरं सिलिंडर दे, थोडा वेळ परत खाली जाऊन बसते, दाबाने आपोआप जाईल." आणि तो सिलिंडर आणायला निघाला की हो! पूर्वीचे पाणबुडे असंच करायचे म्हणे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण जिला पायरीवरून उठता येत नाही, तिला पाण्यात कशी सोडायची? मी सरळ त्या सिलिंडरवर बसले. म्हटलं, आता न्या मला उचलून. माझं वजन तुम्हाला ठाऊक आहे.

मग कप्तान म्हणाला, घाटापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात अशा रोग्यांना ठेवायची टाकी आहे, तडक तिकडेच जाऊ. जीपमध्ये मागे तिला आडवी केली आणि निघालो. घाटाच्या पायथ्याला मला मळमळायला लागलं. गाडी लागते मला, तुम्हीच नाही का मागे पिशव्या घेऊन बसायचात? मी थांबवा थांबवा म्हणून ओरडले. समोर एक लहानसा सरकारी दवाखाना होता, त्याच्या पायरीवर मी ओकले.

आवाज ऐकून तिथली डॉक्टरीण बाहेर आली. माझ्याकडे बघून झाल्यावर तिने जीपमध्ये पाहिलं आणि कप्तानाला असं काही झापलं की त्याने जीप बंदच केली. "घाट चढणार होतात हिला घेऊन? उंचावर गेलं की बुडबुडे फुगतात. आणि त्यांना फोन तरी केला होता का?" फोन कुणीच केला नव्हता. तिने केला. तिकडचे म्हणाले, टाकी आहे, पण ती न भरणाऱ्या जखमांसाठी, वेळ ठरवून. पाणबुडे आम्ही घेत नाही, आणि टाकी चालवणारा रजेवर आहे. दुसरीकडे केला, तर तिथली टाकी दुरुस्तीला काढलेली. टाकी असणं आणि टाकी चालू असणं यात एवढं अंतर असतं, हे मला या वयात समजलं.

शेवटी पाणबुड्यांच्या मदतीचा म्हणून एक नंबर असतो, तिथे फोन लागला. तो नंबर ऑक्सिजनच्या पेटीच्या झाकणावर होता हो! कप्तानाने त्यावर हौसेने डॉल्फिनचं चित्र चिकटवलं होतं. फोनवरच्या डॉक्टरांनी शंभर प्रश्न विचारले, सलाइन लावायला सांगितलं आणि आज कुठली टाकी खरंच चालू आहे ते शोधून काढलं. ती इथली. मग अँब्युलन्सने, घाट टाळून, किनाऱ्याच्या रस्त्याने आलो.

आता सगळे म्हणतात, आजींनी गाडी थांबवली म्हणून पोर वाचली. कप्तान तर पाया पडला. मी काय शहाणपण केलं? मला उलटी येत होती.

ही टाकी म्हणजे जाडजूड लोखंडी खोली, आडवी, बशीएवढ्या गोल काचेची. वर लवकर आली म्हणून आता परत खाली न्यायचं आणि सावकाश वर आणायचं, हा उपचार. पण खाली म्हणजे कुठे? पाण्याचा थेंब नाही. टाकीवाला दाब मोजायच्या घड्याळाच्या काट्याकडे बघून मला सांगतो, "आजी, आता त्या अठरा मीटर खोल आहेत." मी बघते तर हातभर अंतरावर, चादर घेऊन पडलेली. मग मी स्वतः कुठे आहे, वर की खाली, असं वाटून गरगरलं. आत तिच्याजवळ एक नर्सबाई असतात. बोलायला बटण आहे.

खांदा आता दुखत नाही. अगदी छान हलतो.

डावा पाय हलत नाही. घ्या, लिहिलं. मुंग्या पायाला होत्या. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ तिला अंगठा उचलायला सांगतात, ती दात आवळते, अंगठा तसाच. येईल म्हणतात. कधी, विचारलं की पुढच्या रोग्याकडे वळतात.

तुम्ही तिला म्हणाला होतात, पाणी तरी सोड नाहीतर मला. ती बॅग उचलून बोटीवर गेली, तुम्ही साइटवर गेलात, आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटत बसले. कोणाची चूक, मला खरंच कळत नाही. तिने त्या माणसाचा पाय सोडायला हवा होता का? तुम्हीच सांगा. मला तर हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. फक्त "मी सांगितलं होतं" एवढं एक वाक्य इथे येऊन बोलू नका.

तुम्हाला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. आणि काल टाकीतून तीच विचारते, "आई, मला बेडकी म्हणणारं कुणी आलंय का गं बाहेर?"

मी बटण दाबलं आणि म्हटलं, निघालाय.

तिने नर्सबाईंकडे पाणी मागितलं, सगळं प्यायली आणि आपणहून पायाकडे बघत राहिली. रविवारपासून तिने पायाकडे बघितलं नव्हतं.

हे "जावईबापू", "तुम्ही", "अहो" आता पुरे झालं. ये रे बाबा. ट्रक परत इकडेच येतो, पुढची सीट रिकामी असते, मी विचारून ठेवलंय. उद्या तिला पुन्हा खाली नेणार आहेत. ती काच फार लहान आहे, एकाच माणसाचं तोंड मावतं तिच्यात. मी बाजूला होईन.

तू निघालास असं सांगून बसलेली,
तुझी सासू