आमची निशाणी पाव

हळर्ण, ता. पेडणे
आषाढ, गुरुवार

चि. सौ. कमल हिला,

तुझ्या शिवदासदादाचे भरपूर आशीर्वाद. (निवडणुकीत पडलेल्या माणसाचे असले तरी ते पूर्वीइतकेच लागू पडतात.) इथे मी आणि तुझी वहिनी सुमंगला खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची साखर आटोक्यात आहे ना? त्यांना म्हणावं, फणस घरचा असला तरी गरे मोजून खायचे असतात. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. तुझ्याकडे फेब्रुवारीपासून राहायला आलेल्या व्यक्तीबद्दल मी काही विचारणार नाही. बापाच्या तोंडावर 'लग्न करीन तर साईशशीच' असं सांगून, दोन पिशव्या भरून आत्याकडे निघून जाणाऱ्या मुलीची चौकशी करण्याची आपल्या घराण्यात पद्धत नाही. (नीट जेवते ना?)

तुला सगळं गौरवीच्या बाजूनं कळलं असणार, म्हणून माझी बाजू सांगतो. साईश मुलगा वाईट आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. इंजिनियर झाला, तुयेच्या कारखान्यात बरी नोकरी होती. ती सोडून त्यानं डिचोलीत एका थकलेल्या पोदेराची पावाची भट्टी चालवायला घेतली. शिकला-सवरला आणि पाव भाजणारा पोदेर झाला! आता आपल्या घरात पावाचं काय स्थान आहे हे तुला सांगायला नको. विहिरीत पाव टाकून वाडेच्या वाडे बाटवल्याच्या गोष्टी आजोबा सांगायचे. पेडण्यात फिरंगी आले ते फार उशिरा, तोवर त्यांची ती हौस फिटली होती. पण आजोबांनी मरेपर्यंत विहिरीवरचं लक्ष काढलं नाही. चौसष्ट वर्षांत मी पावाला तोंड लावलं नव्हतं. (तू शाळेतून येताना चोरून खायचीस ते मला ठाऊक होतं. बाबांना सांगितलं नाही, आता सांगायला ते नाहीत.) अशा घरातली मुलगी भट्टीवर द्यायची? मी नाही म्हटलं. ती गेली. त्याच आठवड्यात मी लोकसभेला उभं राहायचं ठरवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं सुमंगला म्हणते. तिला राजकारण कळत नाही.

पक्षाचं तिकीट मी मागितलं नाही, कारण मला पुरेल इतका जुन्या वळणाचा पक्षच सापडला नाही. सगळे संस्कृतीच्या गप्पा मारतात आणि नातवाच्या वाढदिवसाला मेणबत्त्या फुंकतात. म्हणून अपक्ष. माझा जाहीरनामा अकरा कलमांचा होता: कॅसिनो बंद, किनाऱ्यावरचा धिंगाणा बंद, दिवा विझवून वाढदिवस बंद, वगैरे. सातवं कलम असं होतं, की मुलामुलींची लग्नं वडीलधाऱ्यांच्या संमतीनं आणि तोलामोलाच्या घरातच व्हावीत. आपला शेजारी धाकू माझा निवडणूक प्रतिनिधी होता. हे कलम तेवढं गाळ, असं तो म्हणाला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, असंच. मी म्हटलं, उत्तर गोव्याच्या जनतेलाच ठरवू दे. जनता माझ्या बाजूनं उभी राहिली की ती व्यक्ती निमूट घरी येईल, असा माझा सरळ हिशेब होता.

मग निशाणीचं झालं. अपक्षाला यादीतून तीन निशाण्या निवडून द्याव्या लागतात. मी नारळ, फणस आणि बासरी दिल्या. तिन्ही दुसऱ्यांना गेल्या. मग कार्यालयातल्या गृहस्थांनी यादीवरून बोट फिरवलं आणि मला ब्रेड दिला. मी म्हटलं, साहेब, दुसरं काहीही द्या, शिट्टी द्या, चप्पल द्या. ते म्हणाले, झालं आता, सही करा. धाकू बाहेर येऊन पायरीवर बसला आणि पोट धरून हसला. घरी येईपर्यंत अख्ख्या तालुक्यात झालं होतं, की पोदेराला मुलगी नाकारणारा शिवदास पाव घेऊन मतं मागणार. आणि लोक ब्रेड म्हणत नाहीत गं, पावच म्हणतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

प्रचाराचं सगळं लिहीत नाही. तुयेच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर पाळी सुटताना माझं भाषण झालं, तिथे टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर कळलं, टाळ्या वाजवणारे बहुतेक तुमच्या सिंधुदुर्गातले, त्यांचं मत इकडे नाहीच. (तुमच्या जिल्ह्यातून उभा राहिलो असतो तर आज हे पत्र दिल्लीहून आलं असतं.) तेरेखोलला फेरीबोटीनं गेलो, तर पर्यटकांनी माझ्याबरोबर फोटो काढले. पण तुयेतच पुढे एका म्हातारीच्या खळ्यात गेलो, तिनं चहा दिला आणि बशीत गरम पाव. शेजारपाजारची वीस-पंचवीस माणसं गोळा झालेली. मी म्हटलं, आजी, मी पाव खात नाही. म्हातारी म्हणाली, "खा रे बाबा, तुजोच मरे तो पाव!" सगळं खळं माझ्या तोंडाकडे बघत होतं. स्वतःचीच निशाणी जो तोंडात घालत नाही, त्याला मत कोण देणार? धाकूनं कोपर मारलं. खाल्ला. आजोबांची क्षमा मागून खाल्ला. कमल, तुझ्यापासून लपवत नाही, चांगला लागला. म्हातारीनं दुसरा पुढे केला, तोही खाल्ला. सुमंगलाला हे कळवू नकोस. (तिला कळलेलं आहे. हल्ली रोज सकाळी माझ्या बशीत एक असतो.)

मतदानाच्या दिवशी तर कहर झाला. डिचोलीकडे एका प्रतिस्पर्ध्याच्या माणसानं तक्रार केली, की केंद्राच्या दारातून पावाची टोपली घेऊन सायकल जाते, हा अपक्ष उमेदवाराच्या निशाणीचा प्रचार आहे. भरारी पथक आलं, सायकल अडवली, पंचनामा केला. सायकल साईशच्या भट्टीवरची! त्या भागात सकाळी पावच पोचला नाही. न्याहारीवाचून खोळंबलेली माणसं रांगेत माझ्या नावानं खडे फोडत होती. त्याच्या भट्टीतला सगळा माल गुरांना घालावा लागला. मी जन्मात त्याचं भलं केलं नव्हतं, त्या दिवशी नुकसान मात्र करून ठेवलं.

निकाल तुला पेपरात सापडला नसेल, कारण आम्हाला 'इतर' या रकान्यात टाकलं होतं. एक हजार बारा मतं. 'नोटा', म्हणजे ज्यांना कुणीच नको होतं ती माणसं, माझ्या कितीतरी पुढे होती. डिपॉझिट गेलं. आपल्या हळर्णच्या केंद्रावर चौदा. चौदा! ज्यांच्या तेराव्याला आणि बारशाला मी न चुकता गेलो, त्यांतली चौदा. याचं मला काही वाटलं नाही, दोन दिवस जेवलो नाही ते उष्म्यामुळे.

पुढे केंद्रवार आकडे आले. सवयीप्रमाणे मी ते पट्टी लावून वाचले. कुठे तीन, कुठे सात, कुठे शून्य. आणि डिचोलीतल्या एका केंद्रावर दोनशे अठ्ठ्याऐंशी. मला वाटलं, छापताना चूक झाली. धाकूला चौकशीला पाठवलं. तो संध्याकाळी आला आणि बराच वेळ पायच धुवत बसला. ते साईशच्या भट्टीचं केंद्र. वीस दिवस रोज सकाळी पाव देताना तो दारोदार सांगत होता, या खेपेला पावाला मत द्या. आधी लोकांना थट्टा वाटली, मग त्यांनी दिली. धाकूनं त्याला विचारलं, का रे बाबा, त्या माणसानं तुझी एवढी शोभा केली, सातवं कलम तुझ्यावरच काढलं. तर म्हणाला, "म्हातारो मनीस उन्हात भोंवता. घरच्यांनीच सोडल्यार बरें दिसना." धाकू हे सांगून घरी गेला. मला त्या मुलाचा फार राग आला. मग लाज वाटली.

तरी माझी मतं होती तिथेच आहेत, हे ध्यानात ठेव. पडलो म्हणून तत्त्व पडत नाही. कॅसिनो बंद झालेच पाहिजेत आणि मेणबत्त्या फुंकणं हा मूर्खपणाच आहे. बाकी ठीक. भावोजींना नमस्कार, घरातल्या लहानांना गोड पापे. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
शिवदासदादा

ता. क. जाहीरनाम्याची दोनशे पत्रकं उरली आहेत. पाठकोरी आहेत, भावोजींना पत्त्यांचे गुण लिहायला हवी असतील तर पाठवतो. सातवं कलम मी पेनानं खोडलं आहे. सगळ्या दोनशेंवर.

ता. क. दुसरा. तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त बरे आहेत असं भटजी म्हणाले. मी आपलं सहज विचारलं होतं. हे तिला तू सांग. मला माझ्या तोंडानं सांगायला जमणार नाही; तू म्हण, आत्यानं हट्ट धरला म्हणून दादा हरला. साईशच्या घरी मात्र मी स्वतः जाईन, ते दुसऱ्यावर टाकण्यासारखं नाही.

ता. क. तिसरा. मतदानाच्या दिवशी आमच्या शाळेबाहेर यादी घेऊन मीच बसलो होतो. दहाच्या सुमारास ती आली. तुमच्याकडून पहिली गाडी पकडून आली असणार, तू मला बोलली नाहीस. टेबलासमोर उभी राहिली. मी यादीत तिचं नाव शोधलं, चिठ्ठी लिहून दिली. आकडा दोनदा गिरवला. तिनं चिठ्ठी घेतली, मत दिलं आणि परस्पर बसस्टॉपवर गेली. घर तिथून दोन मिनिटांवर आहे. मत कुणाला दिलं ते विचारू नकोस. एवढंच सांग, की घरी यायला मतदानच असावं लागतं असं नाही.