काकांच्या हृदयाचं ठिगळ

तीर्थरूप काकांना,

वाकून नमस्कार (दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकलेलीच असते, त्यातलाच एक तुमचा समजा). धाप कशी आहे? जिना चढताना मध्ये टेकता ना? 'ठणठणीत आहे' असं म्हणू नका. काकूने फोनवर सगळं सांगितलं आहे.

तुम्ही विचारलंत, ठिगळ कुठवर आलं. तर ऐका. नखाएवढी मऊ जेलची चकती आणि तिच्यावर वाढवलेल्या हृदयाच्या पेशी. एके सकाळी पाहते तर काय, चकती बशीत आपली आपण धडधडत होती! आमच्या सरांना इतका आनंद झाला की त्यांनी तडक पाहुणे बोलावले (सरांना आनंद पचत नाही). बशी उबदार कपाटातून बाहेर काढली, हातात धरली आणि भाषण सुरू केलं. भाषण लांबलं, बशी गार पडली, धडधड थांबली. एका पाहुण्या बाईंनी हळूच विचारलं, "झोपलंय का हो?" सर म्हणाले, "विश्रांती घेतंय." पाहुणे गेले, बशी उबेत परत ठेवली, तशी ती बया पुन्हा धडधडायला लागली!

पुढचं लिहवत नाही. हृदय दुखावलेल्या एका उंदराला मी ते ठिगळ शिवलं. तो शुद्धीवर आला, दाणे खाल्ले, मला कडकडून चावला (म्हटलं, तब्येत सुधारली). पण ठिगळाने स्वतःचाच ताल धरला. हृदय एकीकडे ओढतंय, ठिगळ दुसरीकडे. शेवटी दोन्ही थांबली. उंदीर माझ्या तळहातावरच गेला. सर म्हणाले, "यातूनच शिकायचं असतं." शिकेन. पण काका, तो एवढासा जीव माझ्या भरवशावर होता, हे काही मनातून जात नाही. हे ताल जुळेपर्यंत माझे केस पिकतील.

तुमची,
पुतणी

ता.क. न्हाव्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना तुम्ही सांगत सुटला आहात, "पुतणी ठिगळ शिवतेय, मला ऑपरेशनची घाई नाही." डॉक्टरांनाही तेच ऐकवलंत म्हणे. काका, माझ्याकडे तुमच्यासाठी काहीही तयार नाही. माझी वाट पाहू नका. ऑपरेशन करून घ्या.

आणखी एक. हे पत्र टपालाने आलेलं नाही. तोंडाने सांगायला गेले असते तर रडू फुटलं असतं, म्हणून लिहून आणलं. वाचून झालं असेल तर चष्मा काढा आणि मान वर करा. मी समोरच बसले आहे. काकूने बॅग भरली आहे आणि गाडी खाली उभी आहे.