पाण्याकाठचं झाड

माय, तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की घरातल्या पोरांना तू गोष्टीतलीच वाटतेस. परवा धाकट्याच्या नातीनं त्याला विचारलं, "आजोबा, तुम्ही खरंच जंगलात हरवले होते?" त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. माझा हा भाऊ तेव्हा तुझ्या कडेवर होता, त्याला काय आठवणार? आठवतं ते मलाच, म्हणून लिहिते.

चैत्र सरत आला होता. परतवाड्यापुढं, डोंगराच्या पायथ्याला मावशी बाळंत झाली होती. परतवाड्याला उतरलो, पुढं गाडी मिळेना म्हणून तू आम्हा दोघांना घेऊन इंग्रज सरकारच्या राखीव जंगलातून पायीच निघालीस. तू चांदूर रेल्वेकडची, काळ्या मातीत वांगी-मेथी लावणारी. जंगल तुझं नव्हतं. दुपारी वाट चुकली. पाणी संपलं. धाकटा आधी खूप रडला, मग रडायचाच थांबला, आणि तू घाबरलीस.

सगळं रान उघडंबोडकं, पायाखाली वाळली पानं वाजताहेत, आणि उतारावर एकच झाड हिरवंगार. "ऐन दिसते," तू म्हणालीस. माहेरी गोठ्यामागं ऐन होता, म्हणून पान ओळखीचं वाटलं. राखीव रानात फांदीला हात लावायची बंदी, म्हणून तू आधी जंगल राखणारा नाकेदार कुठं दिसतो का ते बघतेस, मग फांदी वाकवतेस, पान उलटं करतेस. देठाजवळ दोन बारीक गाठी, ऐनासारख्याच. मग खोडावर हात फिरवतेस नि थबकतेस. "ऐनाची साल मगरीच्या पाठीवानी फाटली अस्ते. हे तं पांढुरकं, गुळगुळीत हाय."

"माय, झाडाचं काय पाहून रायली? मले पानी पायजे!"

"पान्याचंच पाहून रायली वं, पोरी. थांब."

तू खाली नजर टाकलीस. तिथं तसंच दुसरं झाड, त्याच्या पलीकडे तिसरं, वळत जाणाऱ्या एकाच ओळीत उभी. "अर्जुन असंन हा. माही आजी सांगे, अर्जुन नाल्याचा काठ सोडत नाई." आवाजात खात्री नव्हती. तरी तू तिकडेच वळलीस.

नाला होता, पण कोरडा ठाक. तू वाळूत उतरलीस. मग धाकट्याला माझ्या मांडीवर देऊन एका झाडाच्या मुळाशी वाळू उकरू लागलीस, नखांतून रक्त येईस्तोवर. आधी ओल लागली, मग गढूळ पाणी. पदराचं टोक भिजवून तू त्याच्या ओठांवर पिळलंस. त्यानं जीभ बाहेर काढली, आणि तू हंबरडाच फोडलास. मला म्हणालीस, "पी तू आंधी, मी पेतो मंग." नाल्यानाल्यानं उतरत आपण दिवस बुडायच्या आत मावशीच्या गावी पोचलो.

तुला अक्षरओळख नव्हती, आणि हे कागद पाठवायचे तरी कुठं? म्हणून लिहून झाल्यावर दार लोटून मोठ्यानं वाचायला बसले. लिहिलं होतं शाळेतल्या बाईसारखं. तोंडातून मात्र तुझीच बोली निघू लागली, आणि अर्ध्यावर आले तेव्हा मला पुढं वाचवलं नाही.