लक्ष्मम्मांना येळवशीचं आमंत्रण

१ डिसेंबर, सोमवार.
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या कलाकारांच्या रोजनिश्या पुढे कामी येतात.
उदगीरच्या आमच्या छोट्या रेडिओवर मी ‘पाहुणे आले’ करतो. पाहुणे कुणीच येत नाहीत, सगळे आवाज माझेच. सध्या देगलूरच्या लक्ष्मम्मा गाजतायत. सासरे गुरुपादप्पा यांना मात्र हे काम वाटत नाही. आज म्हणाले, जावईबापू, येळवशीच्या अमावस्येपर्यंत बघतो. चार माणसं तुम्हाला वळखत असतील तर ठीक, न्हाईतर त्यानंतरच्या सोमवारपासून आमच्या आडतीवर बसायचं.
चारच? हसू आलं. सोयाबीनच्या पोत्यांत माझा जीव गुदमरेल, ही गोष्ट निराळी.

४ डिसेंबर. सकाळ.
घोर अन्याय. ओला टॉवेल पलंगावर राहिला म्हणून अंजूने अर्धा तास ऐकवलं. संसार करून राहिला का लॉजवर उतरला, म्हणे. बायकोला कलाकार कळत नाही.
संध्याकाळ.
लक्ष्मम्मा आज काय बोलून गेल्या! नवरा हाय का लॉजवरचं गिऱ्हाईक! एकवीस फोन. हे मला सुचतं कुठून? दैवी देणगी.

११ डिसेंबर.
मधले दिवस लिहिणं राहिलं. रियाज चालू होता (दुपारची झोप धरून).
श्रोते लक्ष्मम्मांना येळवशीला शेतात जेवायला बोलवू लागलेत. येळवशीचं आमंत्रण नाकारायची आपल्याकडे पद्धत नाही. अम्मा सगळ्यांना ‘येते रे बाबा’ म्हणाल्या. सात शेतं झाली. अंजू म्हणाली, लोक खरंच वाट बघत बसतील. लोक एवढे खुळे नाहीत, मी म्हणालो.

१७ डिसेंबर.
लोक वाट बघणार आहेत. एका बाईंनी अम्मांसाठी हिरवी साडी घेऊन ठेवलीय.
योजना तयार. सातही शेतांत जायचं, अम्मा म्हणजे मीच हे जाहीर करायचं. आठवं शेत सासऱ्यांचं. तिथे अम्मांचा आवाज काढायचा. सासरे थक्क. आडत रद्द.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस.
पहिल्या शेतात सांगितलं, मीच लक्ष्मम्मा. मालक हसला. आधी आंबील घ्या, म्हणाला. गार, आंबट, तांब्याभर. दुसऱ्या शेतातली म्हातारी म्हणाली, अम्मांना यायला जमलं न्हाई म्हणून डायव्हरला पाठवलं, लई चांगली बाई. मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, पुन्हा आंबील. आंबील न पाजता शेतातून सोडतंय कोण? आवाज मुद्दाम काढला नाही, सासऱ्यांसाठी राखून ठेवला. सातव्या शेतात साडीची पिशवी माझ्या हातात. अम्मांनाच द्या बरं का, त्या बाई म्हणाल्या.
चार वाजता सासऱ्यांचं शेत. सगळे पाहुणे कडबा रचून केलेल्या कोपीभोवती बसलेले. मी उभा राहिलो, तोंड उघडलं. रेडकू ओरडावं तसं काहीतरी निघालं. सात तांब्यांनी घसा पार बसला होता.
सासरे म्हणाले, एवढ्या मोठ्या बाईची नक्कल करू नये. आणि आंबील पुढे केली.

२१ डिसेंबर.
घसा बंद. रेडिओच्या दामिनी मॅडमचा फोन, उद्याचं काय? कार्यक्रम रद्द म्हणून सांग, असं अंजूला खुणेने सांगितलं. ती फोन घेऊन आत गेली, बराच वेळ बोलत होती. वाईट वाटलं. माझ्याविना श्रोते तळमळतील.

२२ डिसेंबर, सोमवार. आडत.
दिवसभर शिंका. चार वाजता सासऱ्यांनी रेडिओ लावला. लक्ष्मम्मा बोलत होत्या! माझ्यापेक्षा ठसक्यात. टॉवेल झाला, लॉज झाला. मग एक नवाच नवरा निघाला, सात शेतांत जेवून आलेला. हमाल पोती खाली ठेवून हसले. सासरे डोळे पुसत म्हणाले, ह्याला म्हणतात आवाज.
घरी आलो. अंजू हिरवी साडी नेसून बसली होती. अम्मांनाच द्यायची होती ना, म्हणाली.

अंघोळ केली. टॉवेल दोरीवर वाळत घातला.