अंगठ्याची नाडी

५ मार्च

तीर्थरूप आत्यास, शि. सा. न. वि. वि.

मेलेल्या ताऱ्याला सोडून त्याचा ग्रह निघून का जात नाही? घरातली पहिली पदवीधर असले, तरी याचं उत्तर मला येत नाही.

लाखो म्हाताऱ्या ताऱ्यांचा एक दाट गुच्छ आहे. त्यात एका ताऱ्याचा उरलेला गाभा गरगर फिरतो आणि आमच्या दुर्बिणीत त्याचे ठोके येतात, सेकंदाला दोनशे. अगदी नाडीसारखे. चौदा महिन्यांच्या नोंदींत ते मला कधी किंचित लवकर, कधी किंचित उशिरा येताना दिसले. म्हणजे ताऱ्याला ओढणारा एखादा ग्रह असावा, साधारण वर्षभरात फेरी मारणारा. पण इतक्या गर्दीत शेजारच्या ताऱ्यांनी तो केव्हाच पळवायला हवा होता!

आमच्या गटाचे प्रमुख सर पुढच्या शुक्रवारी पत्रक काढून ग्रह जाहीर करणार आहेत. माझी नेमणूक महिनाअखेर संपते. ग्रह टिकला तर तूही टिकशील, असं ते म्हणाले. बाबांनी तर न्हाव्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलंय. मी मात्र आनंद करायचा सोडून तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासतेय. असं का गं?

माया आहे तेवढीच राहू दे.
तुझी, शंकाबाई

९ मार्च

चि. शंकाबाईस, अ. उ. आ.

ताऱ्यांचं मला ओ की ठो कळलं नाही. ठोक्यांचं कळलं, तीस वर्षं वॉर्डात तेच मोजतेय. परवा एक नवी नर्स म्हणाली, आजोबांची नाडी झकास आहे. आजोबांचा रंग काही वेगळंच सांगत होता. बघते तर काय, बाईसाहेबांनी अंगठा लावलेला! अंगठ्याला स्वतःची नाडी असते, म्हणून बोटं लावायची. ही आपलीच तब्येत कागदावर लिहून मोकळी.

तुमच्याकडे कुणाचा अंगठा लागत नाही ना? अडाणी प्रश्न असला तर हसून सोडून दे. तुझा बाप ग्रहाला नाव शोधतोय. वेळेवर जेवत जा.

पत्रात खंड पाडू नकोस.
आत्या

१३ मार्च

तीर्थरूप आत्यास, शि. सा. न. वि. वि.

हसले, आणि जिन्यातच थबकले. आपली पृथ्वीही वर्षाला एक फेरी मारते. तिचं हलणं आम्ही हिशेबातून वजा करतो, पण त्यासाठी ताऱ्याची नेमकी जागा लागते. मी गुच्छाचा मधला बिंदू भरला होता. तारा त्याच्यापासून जरासा बाजूला आहे, म्हणून पृथ्वीचं थोडं हलणं हिशेबात तसंच उरलं. खरी जागा भरली, तर ठोके अगदी वेळेवर! इतके दिवस मी आपल्याच पृथ्वीची नाडी बघत होते.

तशा गुच्छात दुसरीकडे कुठे खराखुरा ग्रह असेल का, असला तर टिकतो कसा, पुढच्या महिन्यात मी कुठे असेन, काही म्हणजे काही कळत नाही. चूक सरांनाही दिसली नव्हती. बुधवारी त्यांच्या दारावरून चार फेऱ्या मारल्या, मीच ग्रह. पाचव्या फेरीला आत गेले आणि हिशेबातली ती जागेची ओळ दाखवली. सरांनी हिशेब स्वतः पुन्हा करून पाहिला.

शुक्रवारचं पत्रक मी स्वतः मागे घेतलंय. चूक माझी, असं लिहून खाली सही केली. बाबांनी फोनवर विचारलं, आता न्हाव्याला काय सांगू? म्हटलं, खरं तेच सांगा. मुलीला पृथ्वी सापडली.

आशीर्वाद असू दे, आता जास्तच लागेल.
तुझी, शंकाबाई